सात वाव पाणी

लाल पेन्सिलीची खूण असलेलं ठिकाण यादीतून काढून टाकायचं, एवढंच काम होतं. सकाळपासून सुलेखाने अशी एकतीस ठिकाणं काढली होती आणि बत्तिसाव्याला तिचा हात थांबला. खिडकीबाहेर ईडन प्रेरीतलं ते लहानसं तळं फेब्रुवारीच्या थंडीने दगडासारखं गोठलं होतं. मासे धरणाऱ्यांनी त्यावर लाकडी खोपटी आणून ठेवली होती आणि एक ट्रक चक्क तळ्याच्या मध्यावर उभा होता. दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर हे ऑफिस, माणसं नऊ. सरकारी कंत्राटावर समुद्राचे जुने कागदी नकाशे कॉम्प्युटरात भरायचे. उजेडाच्या टेबलावर नकाशा पसरायचा, भिंगाखालची काळी फुली आकड्यावर नेमकी टेकवायची, बटण दाबायचं, पाण्याची खोली टाइप करायची, पुढच्या आकड्याकडे जायचं. खारं पाणी इथून कुठल्याही दिशेला गाडीने दोन दिवसांच्या वाटेवर होतं. सुलेखाला त्याचं काही वाटत नसे. ती नागपूरची. भूगोलात एम.ए. होऊन दोन वर्षं कॉलेजात शिकवूनही तिने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो सव्विसाव्या वर्षी, अमेरिकेच्या विमानात चढायच्या आदल्या संध्याकाळी, नवऱ्याच्या मामांच्या स्कूटरवर मागे बसून, तोही घाईत. त्यानंतर चौदा वर्षांत तिने तो दोनदा पाहिला असेल. पण आकड्यांचा समुद्र ती रोज आठ तास पाहत होती, आणि तिला तो आवडे. तो ओला नव्हता, त्याला वास नव्हता, आणि तिथे कुणी काही विचारत नसे.

जुन्या नकाशांवर काही काही खोल्यांपुढे दोन अक्षरं असत: ई. डी. म्हणजे अस्तित्व संशयित. कधीतरी कुणा जहाजाने तिथे उथळ पाणी पाहिलं, कळवलं, आणि नंतर गेलेल्यांना ते सापडलं नाही. तरी नकाशावर ठिपका राहिला की जहाजं वळसा घेतात, म्हणून सरकारने ठरवलं की आता कॉम्प्युटर आलाच आहे तर ही जळमटं काढून टाकू. "वसंतातली साफसफाई, सू," डेल म्हणाला होता. डेल लिंडक्विस्ट म्हणजे तिचा साहेब. उंच, भुवया पांढऱ्या झालेला, शेतकऱ्याचा मुलगा. सुलेखा हे नाव त्याला पहिल्या दिवशीच पेललं नव्हतं. प्रत्येक ठिकाणाबरोबर एक फाइल येई. त्यात बहुधा एखाद-दोन कागद असत. बत्तिसाव्या ठिकाणाची फाइल मात्र चार बोटं जाड निघाली. पॅसिफिकमधलं, हवाई आणि सामोआ यांच्या मधल्या रिकाम्या पाण्यातलं ते ठिकाण. खोली सात वाव, म्हणजे जेमतेम बेचाळीस फूट, तळ प्रवाळाचा, साल एकोणीसशे बारा. कळवणारा अधिकारी अमेरिकन आरमाराचा लेफ्टनंट ओरिन टॅलमॅज. अक्षांश पडताळायला म्हणून तिने फाइल उघडली आणि सगळ्यांत वरचं पत्र वाचलं. टाइप केलेलं, अर्ध्या पानाचं, १९३८चं. त्याचा शेवट असा होता: "माझ्यावर विश्वास ठेवावा अशी माझी विनंती नाही. कुणीतरी पुन्हा एकदा जाऊन पाहावं, एवढीच आहे."

यात असं काय होतं? पण सुलेखाला, पायरी आहे असं समजून टाकलेलं पाऊल पोकळीत पडावं तसं झालं. कॉफीचा मग तिने उचलला आणि न पिता खाली ठेवला. कानात अगदी स्वच्छ, अगदी जवळून, एकनाथचा आवाज आला होता: "ताई, तू तरी." वाक्य तेवढंच. पुढे क्रियापदच नव्हतं. नागपूरच्या घरातली मधली खोली, दुपारचे चार, आरामखुर्चीत वडील, अण्णा, त्यांच्या मांडीवर कॉलेजातून आलेला लखोटा, आणि उंबऱ्यापाशी उभा वीस वर्षांचा धाकटा भाऊ. परीक्षेत त्याच्या बाकाखाली चिठ्ठी सापडली होती. तो म्हणत होता, माझी नाही. अण्णा पोस्टमास्तर होते, आयुष्यभर शिक्का मारलेल्या कागदावर विश्वास ठेवत आलेले. ते म्हणाले, "सुलेखाला विचारा. ती म्हणेल तसं करू." घरात असंच चाले. ती चोवीस वर्षांची, कॉलेजात शिकवणारी, शहाणी, तिचा शब्द शेवटचा. आणि तिने एकनाथकडे पाहिलं. त्याच्या वरच्या ओठावर घाम होता. खरं बोलणाऱ्याला घाम का यावा, असं तेव्हा तिच्या मनात आलं, इतकं तिला आजही स्पष्ट आठवत होतं. मे महिना होता, नागपूर होतं, सगळ्यांनाच घाम येत होता. ती शांतपणे, समजूतदारपणे म्हणाली, "एकनाथ, कबूल करून टाक. कबूल केलंस तर कमी शिक्षा होईल. सुटशील." तो तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, तू तरी." दुसऱ्या दिवशी त्याने कबूल केलं. दोन वर्षं परीक्षेला बंदी झाली. तो परत कॉलेजात गेलाच नाही. बल्लारपूरच्या कागद कारखान्यात भांडारात लागला, लग्न केलं, दोन मुली झाल्या. ती अमेरिकेला निघाली तेव्हा स्टेशनवर तिची मोठी बॅग त्यानेच उचलून डब्यात चढवली होती. दर दिवाळीला त्याचं निळं पत्र येतं: आम्ही सर्व खुशाल आहोत, तुम्ही सर्व खुशाल असाल. त्यात वाईट काहीच नसे. चौदा वर्षं त्यात वाईट काहीच नव्हतं.

"बत्तीस झालं?" डेलने दारातून विचारलं.

"नाही. जरा मोठी फाइल आहे."

"जाडी बघू नकोस, आकडा बघ," तो म्हणाला आणि गेला.

तिने आकडा बाजूला ठेवला. आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत ती ती फाइल वाचत राहिली. डब्यातली पोळीभाजी एका हाताने, कागद दुसऱ्या हाताने, कागदाला तेल लागू नये म्हणून दूर धरून. एक माणूस हळूहळू त्यातून बाहेर येत गेला. विनोना गावचा, म्हणजे इथलाच, मिनेसोटातला, मिसिसिपी नदीकाठचा, पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा. नदीवरच्या वाफेच्या बोटी बघत वाढला आणि सतराव्या वर्षी आरमाराच्या अकादमीत गेला. १९०३ साली बाहेर पडला. पंचविसाव्या वर्षी पांढऱ्या रंगवलेल्या युद्धनौकांच्या ताफ्यातून त्याने पृथ्वीला प्रदक्षिणा घातली. त्या चौदा महिन्यांबद्दल वरिष्ठांनी लिहिलं होतं की हा तरुण आकडेमोडीत पक्का आहे, कोळसा भरताना स्वतः खाली उतरतो, आणि त्याचं अक्षर चांगलं आहे. अक्षर खरंच चांगलं होतं. सुलेखाला ते ओळखीचं वाटू लागलं होतं. सातच्या आकड्याला मध्ये आडवी रेघ, शून्य पूर्ण मिटलेलं. पुढे तो लेफ्टनंट झाला आणि 'कोरिंथ' नावाच्या जुनाट गनबोटीवर मार्ग आखणारा अधिकारी म्हणून गेला. समुद्राखालून तार टाकायची होती, तिच्या वाटेवरच्या खोल्या मोजत बोट चालली होती. दर दहा मैलांवर थांबायचं, पोलादी तार खाली सोडायची, तळ लागला की खोली लिहायची. अठरा दिवस. एकोणिसाव्या दिवशी पहाटे त्याच्या पहाऱ्यात पाणी काळ्याचं हिरवं झालं. त्याने एंजिनं मंद करवली आणि हाताने शिसाचं ओळंबं टाकलं. सात वाव. पुन्हा टाकलं, सात वाव. ओळंब्याच्या बुडाला लावलेल्या चरबीला प्रवाळाचा चुरा चिकटून आला. त्याने खाली निरोप पाठवला. कप्तान तापाने अंथरुणावर होता. तो कपडे करून वर येईपर्यंत पावसाची सर आली, बोट पुढे सरकली होती, आणि पाणी पुन्हा काळं झालं होतं. कोळसा बेताचाच होता. कप्तान मागे वळायला तयार झाला नाही.

पुढच्या वर्षी दुसरं जहाज त्या जागी गेलं. सभोवार पाच मैल शोधलं. कुठेच दोन हजार वावांच्या आत तळ नव्हता. कप्तानाने वार्षिक अहवालात टॅलमॅजबद्दल एक शब्द लिहिला: इमॅजिनेटिव्ह. सुलेखा त्या शब्दाशी थांबली. नागपूरच्या शाळेत कुणाच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी 'कल्पक' असं लिहिलं की आई पेढे वाटायची. इथे त्या एका शब्दाने माणूस बसवला गेला होता. चरबीला चिकटलेला चुरा त्याने डबीत घालून कार्यालयाकडे पाठवला होता. ती डबी मिळाल्याची पोच फाइलमध्ये होती, डबीचं पुढे काय झालं ते कुठेही नव्हतं. आणि त्याने भांडण केलं नाही. हे तिला सगळ्यांत जास्त खुपलं. युद्ध आलं, संपलं, आणि १९१९ साली उत्तर समुद्रात पेरलेले हजारो सुरुंग काढायला ज्या बोटी गेल्या त्यांतली एक त्याच्या हाताखाली होती. सहा महिने तो सुरुंगांच्या शेतातून बोट फिरवत राहिला आणि त्याच्या बोटीवरचा एकही माणूस दगावला नाही. एवढं करूनही बढतीच्या मंडळापुढे त्याचं नाव तीन वेळा गेलं आणि तीन वेळा मागे आलं. १९२४ साली तो कमांडर म्हणूनच निवृत्त झाला, विनोनाला परतला आणि शाळेत त्रिकोणमिती शिकवू लागला. तिथून दर दीड-दोन वर्षांनी कार्यालयाला एक पत्र. एकूण नऊ पत्रं. तक्रार एकाही पत्रात नव्हती. अमुक अक्षांश, अमुक रेखांश, सात वाव, प्रवाळ. त्या बाजूला जहाज जाणार असेल तर कृपया पाहावं.

घरी जेवताना तिने टॅलमॅजबद्दल सांगितलं. शनिवारी मित्रमंडळींतल्या उत्तरा आणि कुमारकडे जेवायला जायचं होतं ते तिने डोकं दुखतंय म्हणून कॅन्सल केलं होतं, आणि तिचा नवरा नरेंद्र त्यावरून कुरकुरत होता.

"ऑफिसचं ऑफिसात ठेव ना यार," तो म्हणाला. "पन्नास वर्षांपूर्वीचा मेलेला माणूस. तुझं काय जातंय?"

"नरेंद्र, एकनाथने खरंच कॉपी केली असेल असं तुला वाटतं?"

नरेंद्रने घास हातात धरून तिच्याकडे पाहिलं. "एकनाथ? आपला? हे कुठून आलं मध्येच? त्याने तर स्वतःच कबूल केलं होतं ना?"

"हो. मीच सांगितलं होतं, कबूल कर म्हणून."

"हे मला माहीत नव्हतं," तो म्हणाला, आणि त्याने आमटी वाढून घेतली. तेरा वर्षांची सीमा एकदा आईकडे, एकदा बाबांकडे बघत होती. "हू इज टेलिंग द ट्रूथ?" तिने विचारलं. सुलेखाला वाटलं, इतक्या वर्षांत घरात हा प्रश्न कुणी इतका सरळ विचारलाच नव्हता.

फाइल वाचून काही होणार नव्हतं, हे तिला कळत होतं. टॅलमॅज खरा होता असं तिला वाटत होतं, पण वाटणं आणि नकाशा यांचा संबंध नसतो. पुढच्या सोमवारी तिने त्याच्या त्या अठरा दिवसांच्या खोल्या भरायला घेतल्या. त्या तशाही भरायच्याच होत्या. दोन हजार सहाशे. दोन हजार पाचशे ऐंशी. एकोणीसशे. अकराशे पन्नास. पुन्हा दोन हजार चारशे. टाइप करताना तिची बोटं जराशी अडखळली. दिवसभर आकडे भरणाऱ्याच्या बोटांत आकडे पाढ्यांसारखे बसतात, आणि ही चढउतार तिच्या बोटांना ठाऊक होती. कुठे? तिने आठवायचा प्रयत्न केला, आठवेना. दोन दिवस ती जेवताना, गाडी चालवताना, सीमाच्या शाळेच्या कार्यक्रमात टाळ्या वाजवताना मनात ती रांग म्हणत राहिली. गुरुवारी सापडलं. जानेवारीत तिनेच भरलेली, १९५०च्या दशकातल्या एका जहाजाची रांग. आवाज तळाला पाठवून परत ऐकणाऱ्या यंत्राने मोजलेली, म्हणून तिच्याबद्दल कुणाला शंका नव्हती. तिने दोन्ही रांगा दोन पारदर्शक फिल्मवर छापून घेतल्या आणि टेबलावर एकीवर एक ठेवल्या. जुळल्या नाहीत. टॅलमॅजची टेकडी नव्या टेकडीच्या पूर्वेला होती. मग तिने वरची फिल्म दोन बोटांनी हळूहळू पश्चिमेकडे सरकवली. एका जागी सगळे चढ चढांवर बसले आणि सगळे उतार उतारांवर. फरक अकरा मैलांचा होता.

तिला हसू आलं. अक्षांश बरोबर, रेखांश चूक, तोही सगळ्या रांगेत सारखाच चूक; याचा अर्थ घड्याळ. त्या काळी भर समुद्रात रेखांश काढायचा तर जहाजावरच्या घड्याळावरच विसंबावं लागे, आणि विषुववृत्तापाशी ते घड्याळ चव्वेचाळीस सेकंद मागे पडलं तर माणूस नकाशावर अकरा मैल पूर्वेला जाऊन बसतो. तिने बोटीच्या रोजनिशीची पानं उलटली. मोजणी सुरू व्हायच्या दोन दिवस आधी वादळ. बोट फार कलली. घड्याळाच्या पेटीची एक कडी निखळली, ती दुरुस्त केली, घड्याळ चालू आहे. ही नोंदही टॅलमॅजच्याच अक्षरात होती. घड्याळ चालूच होतं, फक्त एकदा हिसका बसून चव्वेचाळीस सेकंद हरवून बसलं होतं, आणि मग ते जन्मभर त्याला खोटं पाडत राहिलं. तिने त्याच्या सात वावांच्या ठिकाणाला अकरा मैल पश्चिमेला नेलं. तिथे नव्या नकाशावर एक उथळा होता. १९५१ साली दुसऱ्याच एका जहाजाला सापडलेला, आठ वाव, प्रवाळ. कुणी या दोन्ही कागदांना एका टेबलावर आणलंच नव्हतं.

डेलला तिने फिल्म दाखवली तेव्हा तो उभाच राहिला, बसला नाही.

"सू, आपण इतिहासकार नाही."

"माहीत आहे."

"आणि त्या जागी तर काहीच नाही. हे तूच सांगते आहेस."

"त्या जागी नाही."

"मग काढून टाक."

"काढते. पण एक पान जोडते. हा आणि एक्कावन्नचा उथळा एकच आहेत असं."

"कंत्राटात पान जोडणं नाही."

सुलेखा अशा वेळी मागे सरत असे. चौदा वर्षांत तिला ती सवय झाली होती. ओके म्हणायचं, हसायचं, पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसायचं. यावेळी तिचा आवाज मधेच चिरकला, पण निघाला. "डेल, पुसणारा शेवटचा माणूस मी आहे," ती म्हणाली. "माझ्यानंतर हे कुणी बघणार नाही."

डेलने फिल्म आपल्या जाड बोटांनी मागे सरकवली. पुन्हा पुढे आणली. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. चढ चढांवर बसले. "वेल, आय'ल बी," तो चकित होऊन म्हणाला आणि वाक्य तिथेच सोडलं. संध्याकाळी जाताना त्याने तिच्या टेबलावर कोरं लेटरहेड ठेवलं होतं.

सरकारचं उत्तर यायला एप्रिल संपत आला. दोनच वाक्यं होती. संशयित ठिकाण नकाशावरून वगळण्यात येत आहे. सदर उथळ्याची प्रथम नोंद लेफ्टनंट ओ. टॅलमॅज यांची, १९१२, अशी दुरुस्ती करण्यात येत आहे. सुलेखाने कागद तीनदा वाचला. मग तिने विनोनाच्या फोनबुकात टॅलमॅज शोधले. एकच होता: एच. टॅलमॅज.

फोनवर कळवून शनिवारी ती सीमाला बरोबर घेऊन गेली. दोन तासांची वाट. बर्फ वितळून शेतांत पाणी साचलं होतं आणि नदी काठांना लागून तपकिरी वाहत होती. सीमा कानाला वॉकमन लावून बसली होती. मिस हॅरिएट टॅलमॅज एकोणऐंशी वर्षांची, काठी टेकणारी, शाळेत लॅटिन शिकवून निवृत्त झालेली निघाली. तिने लिंबाच्या वड्या केल्या होत्या आणि बैठकीत तीन खुर्च्या नीट मांडून ठेवल्या होत्या. सुलेखा बसते न बसते तोच ती म्हणाली, "ते नाहीये तिथे, हे सांगायला आला आहात ना? मला चालेल. सांगा."

"तिथे नाहीये," सुलेखा म्हणाली. "अकरा मैल पश्चिमेला आहे."

सुलेखाने कागद दाखवला, फिल्म काढून कॉफीच्या टेबलावर एकीवर एक ठेवल्या, घड्याळाचं सांगितलं, कडी निखळल्याचं सांगितलं. मिस टॅलमॅजने चष्मा पुसला, वाकून पाहिलं, आणि अचानक ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईतो हसली. "घड्याळ! अगं बाई, पपा शरमेने मेले असते. रोज सकाळी सातला ते घड्याळाला चावी द्यायचे. आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत." मग हसू ओसरलं. बराच वेळ ती फिल्मच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "शेवटची तीन पत्रं मीच टाइप केली होती," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी मनात म्हणायची, पपा, पुरे आता. माझा विश्वास नव्हता, मिसेस... मला तुमचं नाव नीट म्हणता येईल का, पुन्हा सांगा."

"सुलेखा."

"सु-ले-खा. माझा विश्वास नव्हता. मी त्यांच्याशी फार चांगली वागले. ते म्हणतील ते ऐकायची, वाद घालायची नाही, पत्र टाइप करून द्यायची. सगळं गाव म्हणायचं, मुलगी असावी तर अशी. आणि त्यांना कळत होतं. माझ्या चांगुलपणावरूनच त्यांना कळायचं की मला ते खरं वाटत नाहीये."

"तुम्ही त्यांना कधी विचारलंत? नेमकं काय पाहिलं ते?"

"नाही," म्हातारी म्हणाली. "तेच तर. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. तासभर सांगितलं असतं, पाण्याचा रंग कसा होता, सगळं. मी त्यांना कधी सांगूच दिलं नाही." मग तिने वड्यांची बशी सीमापुढे सरकवली आणि कागद छातीशी धरून म्हणाली, "पण आज मला फार आनंद झाला आहे. हे तुम्हाला दिसत नसेल, पण मला फार आनंद झाला आहे."

परतीच्या वाटेवर सुलेखा गाडी नीट चालवत होती. तिला आपलं सगळं दिसत होतं: दर दिवाळीला एकनाथच्या मुलींना पाठवलेले फ्रॉक, वहिनीला साडी, नागपूरला गेल्यावर मुद्दाम बल्लारपूरपर्यंत केलेली ट्रिप, त्याच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये जमिनीवर बसून कौतुक करकरून खाल्लेलं वांग्याचं भरीत. किती चांगली वागली होती ती. आणि तो दरवेळी स्टेशनवर सोडायला येई, गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभा राही, आणि इकडचं तिकडचं बोले. टॅलमॅजच्या बाजूने एक घड्याळ होतं, एक नवी रांग होती, चढ चढावर बसले होते. एकनाथच्या बाजूने काय होतं? काही नाही. बाक केव्हाच मोडलं असेल, चिठ्ठी कुणी जपून ठेवलेली नसणार. तो खरंही बोलत असेल, खोटंही. हे आता कधीच कळणार नाही, या विचाराशी ती कितीतरी मैल अडकून राहिली. तिला भीती वाटली ती याची, की कळल्याशिवाय तिला विश्वास ठेवताच येत नाही. ती तशी घडलेलीच नाही.

"मॉम," सीमाने कानातलं काढून विचारलं, "व्हाय आर यू क्रायिंग? तिचे डॅड राइट होते ना?"

"हो," सुलेखा म्हणाली. "सीमा, तुझ्या एकनाथमामाशी मी एकदा चुकीचं वागले."

"देन टेल हिम," सीमा म्हणाली, आणि तिला त्यात अवघड काही दिसलं नाही म्हणून पुन्हा गाणी ऐकू लागली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी आठ वाजता तिने फोन लावला. तिकडे संध्याकाळचे साडेसात की साडेसहा, हे तिने दोनदा मोजलं. कालच्या रात्री इथली घड्याळं एक तास पुढे केली होती, म्हणजे साडेसहा. एकनाथकडे फोन नव्हता. मिलच्या कॉलनीतले शेजारी पुरुषोत्तमकाका, त्यांचा नंबर त्याने पत्राच्या कोपऱ्यात पी.पी. म्हणून लिहून ठेवला होता. तिने तो आजवर फक्त अण्णा गेले तेव्हा फिरवला होता. चार वेळा लागला नाही. पाचव्यांदा लागला. "अमेरिकेतून?" पुरुषोत्तमकाका ओरडले. "थांबा, थांबा, ठेवू नका!" मग चपलांचा आवाज, कुणीतरी कुणाला तरी हाक मारत गेलं, दूरवर सायकलची घंटा, आणि मग धापा टाकत तो.

"ताई? काय झालं? भाऊजी बरे आहेत ना? सीमा?"

"सगळे बरे आहेत. काही झालं नाही. एकनाथ, ऐक. मी त्या वेळी तुला कबूल कर म्हणाले." तिचाच आवाज सेकंदभराने परत तिच्या कानात येत होता: कबूल कर म्हणाले. तो संपायची वाट पाहून ती पुढे बोलली. "ती चिठ्ठी तुझी नव्हती."

तारेत खरखर होत राहिली. तो गेला की काय असं तिला वाटलं.

"तुला कोणी सांगितलं?" तो म्हणाला. आवाज एकदम बदलला होता, वीस वर्षांच्या मुलासारखा तीक्ष्ण. "माझ्या वर्गातला चंद्रशेखर भेटला का तुला तिकडं? तो अमेरिकेतच असतो म्हणतात."

"नाही. कोणी भेटलं नाही. कोणी काही सांगितलं नाही."

"मग?"

"मग काही नाही. तू सांगितलं होतंस. तेवढंच."

तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. ओट्यापाशी चहाचं आधण ठेवून नरेंद्र थांबला होता, गॅस त्याने बंद केला होता. पलीकडे एकनाथने फोन तोंडापासून दूर नेला असावा, कारण त्याचा आवाज लांबून आला, पुरुषोत्तमकाकांना तो म्हणत होता, "काका, जरा खुर्ची घेऊ का इकडं?" खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. मग तो जवळ आला, घसा खाकरला.

"सोळा वर्षं झाली, ताई," तो म्हणाला. "बिल किती येईल तुला?"

"येऊ दे."

"हां. तर ऐक. त्या दिवशी दुसरा पेपर मेकॅनिक्सचा होता. आणि माझा नंबर खिडकीपाशी आला होता, पण तिथं ऊन येत होतं म्हणून सरांनी मला उठवून..."

सुलेखा खाली फरशीवर, भिंतीला पाठ लावून बसली, आणि मध्ये एक शब्दही न बोलता ऐकू लागली.